मास्तरचा दम

जगदाळे हवालदारानं डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, वर चुना लावला, अंगठ्यानं झकास मळली, फू करून धूळ उडवली, चिमूट दाढंला सारली, आन मग मास्तरला म्हनला, "मास्तर, ती इलेक्ट्रिक बिडी काढा. सरकारनं बंद केलीया."

आमी लिंबाखाली तालमीला बसलो व्हतो. जानाईची यात्रा दोन दिसांवर आल्याली. आमी म्हंजे जय जानाई ब्रास बँड. शिदू वायदंडे मास्तर समद्यांच्या म्होरं ट्रंपेटवर, आन मी, गुंडू आवळे, समद्यांच्या मागं बासवर. बास म्हंजे त्यो अंगाला अजगरावानी वेटोळं घालून बसल्याला पितळी भोंगा. लगनाच्या फोटूत भोंगा दिसतो, मी दिसत न्हाई. माज्या बायकूला सुदीक बोट ठिवून दाखवाय लागतं, की ह्यो भोंगा म्हंजे मी.

मास्तरनं ट्रंपेटचं तोंड फडक्यानं पुसलं. "कंची बिडी? म्या बिडी सोडली कवाच. इचारा कुनाला बी."

"बिडी न्हवं. ती काळी नळी."

"कंची नळी?"

हवालदारानं नाक वर करून हुंगलं. "मास्तर, पौष चाललाय. उभ्या तालुक्यात आंबा न्हाई. आन तुमच्या अंगाला हापूसचा वास मारतोय."

क्लॅरनेटवाला खाली बघून हसला. मास्तरनं खिशावर हात ठिवला.

आता तुमाला आदीचं सांगाय पायजे, न्हाईतर मास्तर म्हंजे कुनी चोरटा मानूस वाटंल.

मास्तरनं मिसरूड फुटल्यापास्नं बिडी वढली. वाजवायच्या आदी बिडी, वाजवून झाल्यावर बिडी, आन नवरदेव घोड्यावनं उतरस्तवर जी सवड घावंल तीत बिडी. ट्रंपेटमधनं सुराच्या आदी धूर येतो असं वऱ्हाडातली मान्सं म्हनायची. मग व्हायचं ते झालं. छातीत भाता घरघराय लागला. पायरी चढताना दम, वाकून चप्पल घालताना दम.

आन आमच्या यात्रंत दम म्हंजे काय साधी गोष्ट न्हाई. यात्रंला दोन बँड येत्यात. एक आमचा, एक शेजारगावच्या इनूस मास्तरचा. पालखी निघायच्या आदी दोन्ही मास्तर देवळाच्या पायरीवर समोरासमोर उभं ऱ्हात्यात आन एकच सूर धरत्यात. ढोल बंद, ताशा बंद. खालनं दोन्हीकडचा बास तेवढा आधाराला घुमत ऱ्हातो. ह्येला म्हनायचं दम लावनं. गुरव वरच्या पायरीवनं वरडतो, "ज्या बँडचा दम मोडंल त्यो मागं," आन खेळ सुरू. जिंकंल त्यो पालखीच्या म्होरं वाजवत निघतो. हरंल त्यो मागनं, गुलाल आन धूळ खात, आपलंच गानं आपल्याला आयकू येत न्हाई असा.

आमचा मास्तर उभ्या जवानीत कवा मागं चालला न्हवता. पन आदल्या दोन यात्रा आमी हरलो. एकदा सुराच्या मधी खोकला आला, आन दुसऱ्यांदा खोकल्याच्या मधी थोडासा सूर आला. दुसऱ्या खेपंला मास्तरनं देवीच्या दारात गुलालाचं हात जोडलं आन समद्यांदेखत म्हनला, "म्होरल्या यात्रंला माजा दम मोडला तर ट्रंपेट खुंटीला."

मास्तर उगा शपथ घेनारा मानूस न्हवता. म्हंजे आता हरला की बँड सुटला, ह्ये आमी समद्यांनी मनात धरलं. घरी आनसाक्कानं, म्हंजे मास्तरच्या मालकिनीनं, मला पानी देता देता हळूच सांगितलं, "गुंडू, ह्यो मानूस बँडमधी ऱ्हायला तर बिडीनं जाईल, आन बँड सुटला तर बिडीबिगर जाईल. मी कुनीकडं वढू?"

तवा मी मास्तरला गाडीवर घालून तालुक्याला मुळीक डॉक्टरीनबाईकडं नेलं. बाईनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, आन तोंड वाकडं केलं. म्हनली, बिडी बंद आन पंप सुरू. पंप कसा तोंडात धरायचा, कसा दम आत वढायचा, समदं करून दावलं. दुकानातनं निळ्या पंपाचं खोकं घेतलं, मी आनसाक्काच्या हातात नेऊन दिलं.

त्याच आठवड्यात मास्तरचा भाचा संपत आला. त्यो बोटीवर खलाशी. त्यानं मामाला एक काळी नळी आनली. बोटाएवढी, म्होरं बारका निळा दिवा. म्हनला, मामा, ह्यात धूर न्हाई, नुसती वाफ हाय, परदेशात बिडी सोडनारी मान्सं हीच वढत्यात. मास्तरनं एक दम वढला. नाकातनं हापूसचा वास निघाला. दुसरा वढला. आन काय सांगू, त्या दिसापास्नं बिडीचं बंडल कोनाड्यात पडून सादळलं. खोकला निम्म्यानं उतरला. मास्तर सकाळी उठून 'सा' लावाय लागला. आनसाक्कानं संपतला पुरनाची पोळी खाऊ घातली. घरात त्या नळीला समदी पंपच म्हनाय लागली. "अवो, तुमचा पंप इसरला," असं आनसाक्का दारातनं वरडायची.

आन आता हवालदार लिंबाखाली उभा ऱ्हाऊन त्योच पंप मागत व्हता.

मास्तर म्हनला, "हवालदार, गावात बिडी मिळती का?"

"मिळती."

"शिगरेट?"

"मिळती की."

"तुमच्या दाढंत काय हाय?"

हवालदारानं तोंड जरा वर करून, थुंकी सांभाळून सांगितलं, "ती तंबाखू. ती चालती."

"गुटखा?"

"गुटखा बंद हाय."

लिंबाच्या म्होरंच टपरी. टपरीला पुड्यांच्या माळा असल्या लोंबत व्हत्या की आत बसल्याला टपरीवाला दिसत न्हवता, नुसता हात दिसायचा. समद्या बँडनं एकदमच तिकडं मान वळवली. हवालदारानं वळवली न्हाई.

"मग ते काय लटकलंय?" मास्तरनं इचारलं.

"ते लटकलंय," हवालदार म्हनला. "ते बंद हाय आन लटकलंय. तुमची बी बंद हाय, पन ती लटकली न्हाई, ती तुमच्या खिशात हाय. म्हनून मी आलोय."

ढोलवाल्यानं मधी तोंड घातलं. त्येला कुठनं तरी कळल्यालं, की नव्या कायद्यात इकनं बंद, आननं बंद, साठा करनं बंद असं लिवलंय, पन वढनाराचं नाव कुठं न्हाई. हवालदारानं जरा इचार केला. मग कबूल झाला, की त्यानं बी तो कागूद दोनदा वाचला, वढनाराचं त्येला बी घावलं न्हाई. पन खिशात ठिवली की त्यो साठा झाला, असं त्येचं म्हननं.

"म्हंजे खिशात ठिवली तर गुन्हा," मास्तर म्हनला, "आन तोंडात ठिवली तर न्हाई."

"तसं धरून चाला."

मास्तरनं खिशातनं नळी काढली, तोंडात धरली, आन तशीच धरून बसला. निळा दिवा लागला. सगळीकडं हापूस झाला. हवालदार म्हनला, "आता ती काढू नका मास्तर. काढली की साठा."

झालं की मग. मास्तर नळी तोंडात धरून बसला, हवालदार कमरंवर हात ठिवून उभा, आन बँड बगत. कारखान्याचा बाराचा भोंगा झाला तरी दोघं हलंनात. शेवटाला मास्तरला बोलायचं व्हतं, आन नळी तोंडात असल्यावर मानूस काय बोलनार. त्यानं नळी काढली, म्हनला, "परवा यात्रा हाय. माजा दम ह्याच्यावर हाय. यात्रा झाल्यावर न्ह्या."

हवालदारानं हात म्होरं केला. आवाज चढवला न्हाई. "मास्तर, आजच." मास्तरनं नळी त्या हातावर ठिवली.

तेवढ्यात गलका आयकून आनसाक्का बाहीर आली. तिला वाटलं, पोलीस औशद न्यायला आल्यात. तिनं हवालदाराला असं झोडपलं तोंडानं, की टपरीवाल्याचा हात बी आत गेला. म्हनली, बिडीनं मानूस अर्धा केला तवा तुमी कुठं व्हता, आन पंपानं उभा केला तर जप्ती करताय. डॉक्टरीनबाईनं लिवून दिल्याला पंप हाय. म्हनली आन तरातरा घरात गेली, देव्हाऱ्यातनं एक खोकं आनलं आन हवालदाराच्या हातात आपटलं. "ह्यो बघा. दुकानाचा शिक्का हाय. न्ह्या ह्यो बी."

हवालदारानं खोकं उगडलं. आत निळा पंप. एका हातात काळा, दुसऱ्या हातात निळा. दोन्ही तोंडात धरायचं, दोन्हीनं दम आत वढायचा, आन दोन्हीला घरात नाव एकच.

"दोन्ही पंपच म्हनताय, मग ह्यातला बंद कंचा?" हवालदारानं मलाच इचारलं.

मला काय ठावं. मी म्हनलो, "ज्येला आंब्याचा वास येतोय त्यो असंल."

त्यानं दोन्ही हुंगलं. पन आता त्येच्या नाकात नुसता हापूसच बसल्याला. शेवटाला म्हनला, "गुंडू, बस गाडीवर. डॉक्टरकडंच जाऊ. उगा औशद जप्त केलं म्हनून माजी वर्दी जायाची."

मास्तर तसाच लिंबाखाली बसून ऱ्हायला. एका मिन्टात त्येचं दोन्ही पंप गेलं व्हतं.

वाटंत मी मागनं म्हनलो, "साहेब, एवढी खाज कशाला? यात्रंनंतर नेली असती तर काय बिगडलं असतं?"

वढ्याच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली. "माजी धाकली पोरगी नववीत हाय, ठावं हाय न्हवं? मागल्या म्हयन्यात तिच्या कंपासमधी असलीच घावली. गुलाबी. मला वाटलं पेन हाय. मी ठान्यात घेऊन आलो, आन साहेबाम्होरं त्या पेननंच सही कराय गेलो. उमटंना म्हनून झटकली. तोंडात धरून टोपन वढाय गेलो, आन स्टॉबेरीचा धूर निघाला." त्यानं गाडी परत जोरात केली. "समदं ठानं हसलं. मी बी हसलो. घरी जाऊन हसू आलं न्हाई. बिडी असती तर वासानं कळलं असतं रं. ह्येचा वास खाऊचा येतोय."

मुळीक डॉक्टरीनबाईच्या टेबलावर हवालदारानं दोन्ही पंप मांडलं, चोराला वळीत उभं करत्यात तसं. बाईनं काळा बघितला, बाजूला सारला. निळा हातात घेतला आन त्येच्या तोंडावरचं शील बघून थांबली.

"हा उघडलेलाच नाही?"

"खोकंच आज उगडलं बाई," मी म्हनलो. "त्यो देव्हाऱ्यात व्हता."

"देव्हाऱ्यात?"

मग मला समदं सांगाय लागलं. आनसाक्काचा हिशेब साधा व्हता. घरात एक साबन झिजल्याबिगर कुनी दुसरा काढतं का? तसा एक पंप संपल्यावर दुसरा काढायचा. तवर नवा, महागाचा, औशदाचा, म्हनून देवापाशी ठिवल्याला. आन संपतचा पंप काय संपत न्हवता, त्यो वायरीला लावला की परत भरायचा.

बाईनं चष्मा काढून ठिवला. "गुंडूभाऊ, तुम्ही प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर होतात. मी दर महिन्याला काय विचारायचे?"

मला आठवलं. बाई इचारायच्या, मास्तर, पंप चालू आहे ना? मास्तर म्हनायचा, चालू हाय की. बाई इचारायच्या, किती वेळा? मास्तर म्हनायचा, मोजत कोन बसतंय बाई, दिसभर चालू असतो. बाई घाबरून म्हनायच्या, अहो, इतका नाही घ्यायचा. आन मास्तर लाजून म्हनायचा, काय करू, त्येच्याबिगर चैनच पडत न्हाई.

"मला वाटलं, भोळा माणूस आहे, जास्त बोलतोय," बाई म्हनली. आन मग ती हसाय लागली. हसता हसता डोळं पुसलं, आन डोळं पुसता पुसता तिला राग आला. हवालदाराला म्हनली, ही नळी औषध नाही. बिडी सुटली म्हणून खोकला उतरला, हिच्यामुळं नाही. आत तेच व्यसन आहे, नुसता सदरा बदललाय.

मी बी इरेला पेटलो. "पन बाई, बिडी सोडवली कुनी? तुमी सांगून सुटली न्हाई, आनसाक्का रडून सुटली न्हाई. हिनं सोडवली."

बाईनं काळी नळी दोन बोटांत उचलली. "मान्य. आता ही कोण सोडवणार?"

हवालदारानं घसा खाकरला. "बाई, तुमी सांगा. सरकारनं हिच्यावर बंदी घातली ती बरी का वाईट? का नुसतं मोठ्या मान्सालाच द्यायची, असं काय करता आलं असतं?"

"माझ्या हातात असतं तर मी आधी बिडी बंद केली असती," बाई म्हनली.

"बिडी बंद केली तर आमचं ठानंच बंद पडंल," हवालदार म्हनला, आन पुडी काढाय खिशात हात घातला. बाईनं बघितलं. त्यानं हात मोकळाच बाहीर काढला.

निळा पंप मला दिला. बाईनं बजावून सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ, चुकवायचा नाही, आणि हे बघा, परवापर्यंत ह्यानं काही जादू व्हायची नाही. दम परत यायला वेळ लागतो. गेलेला सगळा येतोच असं पण नाही.

गावात येऊन मी मास्तरला जसंच्या तसं सांगितलं. मास्तरनं निळा पंप उलटापालटा करून बघितला. मग म्हनला, "म्हंजे एवढं दीस दमा माजा, आन पंप देवाचा."

आनसाक्का पदर तोंडाला लावून आत गेली. आमाला वाटलं रडती. ती हसत व्हती.

पन ते दोन दीस हसायचं न्हवतं. काळी नळी गेल्याली, आन बिडी तर हात लांब केला की मिळायची, कायद्यानं, उजळ माथ्यानं. मास्तर लिंबाला फेऱ्या मारायचा. माज्यावर वरडला, ढोलवाल्यावर वरडला, एका गाढवावर बी वरडला. आनसाक्का गावातल्या समद्या टपऱ्यांवर जाऊन आली. तिनं धमकी दिली न्हाई, नुसतं सांगितलं, ह्यांना बिडी दिली तर मी तुमच्या टपरीम्होरं बसून रडंन, गिऱ्हाईक न्हाई हुबं ऱ्हायचं. कुनी दिली न्हाई. सकाळ-संध्याकाळ मास्तर निळा पंप घ्यायचा आन म्हनायचा, ह्येला कसलाच वास न्हाई, ह्यो खरा पंप न्हाई.

यात्रंच्या दिशी दुपारी देवळाच्या पायरीवर पाय ठिवाय जागा न्हवती. इनूस मास्तर आला, जरीची टोपी, पांढरी इजार. त्यो आमच्या मास्तरच्याच वयाचा. दोघं एकमेकाचं वैरी यात्रंपुरतं, एरवी एकाच्या लगनात दुसरा वाजवायचा. आन त्यांचा एक रिवाज व्हता. दम लावायच्या आदी दोघांनी पायरीवर बसायचं, इनूस मास्तरनं काडी वढायची, आन एका काडीवर दोघांनी आपापली बिडी पेटवायची. हरनाराची बी आन जिंकनाराची बी एकच काडी. मान्सं त्येच्यासाठी यायची.

इनूस मास्तर बसला. बंडल काढलं. एक बिडी आपल्या व्हटांत, एक आमच्या मास्तरच्या म्होरं. "घे शिदू."

मास्तरचा हात उचलला. मी मागं भोंगा अंगावर घेऊन उभा. मला त्यो हात दिसत व्हता, आन पायरीच्या बाजूला बायकांत आनसाक्का. तिनं डोळं मिटून घेतलं.

इनूस मास्तरनं काडी वढली.

"इझवा ती."

जगदाळे हवालदार गर्दीतनं वर चढत आला. "देवळाच्या आवारात बिडी वढायची न्हाई. कायदा हाय."

"कवापास्नं?" इनूस मास्तरनं इचारलं.

"लई वर्सं झाली. आज आठवला."

"हवालदार, तुमच्या बापानं ह्याच पायरीवर आमच्याकडनं बिडी मागून वढल्याली हाय."

"त्येला आता धरता येत न्हाई. तुमाला येतं." आन मग असा आवाज काढला, की गाभाऱ्यात घंटा नुसतीच हालली. "दोघांना बी सांगतोय. बिडी पेटली तर पालखी ऱ्हाईल हितं आन दोन्ही मास्तर ठान्यात. आत ठिवा ते बंडल."

त्या दिशी यात्रंत पयला दम असा हवालदारानं दिला.

काडी इझली. दोघं उठलं. गुरव वरडला, "ज्या बँडचा दम मोडंल त्यो मागं." आमच्या मास्तरनं ट्रंपेट व्हटाला लावला. इनूस मास्तरनं लावला. तिकडं त्येंच्या बासवाल्यानं सूर धरला, हिकडं मी.

आता माजी एक सवय सांगतो. लांब सूर धरला की मी डोळं मिटतो. भोंगा कानापाशी असतो, बाहीरचं काय आयकू येत न्हाई. मला बिडीचं कवा जमलंच न्हाई, कारन भोंगा धराय दोन्ही हात लागत्यात. नाकानं हवा घ्यायची, गालात साठवायची, सूर तुटू द्यायचा न्हाई, एवढंच काम. कुनी खांद्याला हात लावला की थांबायचं.

म्हनून म्होरलं मी बघितलं न्हाई, मागनं आयकलं. आमच्या मास्तरचा सूर लागला, कोवळा, सरळ, लोकांनी माना डोलावल्या. आन मग तडकला. मास्तर वाकला. खोकत खोकत पायरीवर बसला. इनूस मास्तरनं अजून थोडा वढला, पन त्येला बी रोजची बिडी न्हाई, व्हट कापाय लागलं, त्यो बी फुसकन सुटला. असा आखूड दम त्या पायरीवर कवा झाला न्हवता. त्यांच्या बासवाल्यानं आपल्या मास्तरकडं बघितलं आन भोंगा खाली ठिवला. इनूस मास्तरची मान्सं हसत हसत पालखीच्या म्होरं सरकाय लागली.

आन मी घुमतच व्हतो.

हळूहळू लोकं गप झाली. म्हनं नुसता माजा भोंगा आयकू येत व्हता, म्हैस लांबनं हंबरावी तसा. कुनी खांद्याला हात लावंना, कारन तो हात लावायचा असतो मास्तरनं, आन मास्तर खाली बसल्याला.

जगदाळे हवालदार म्हनला, "थांबा. म्होरं कुठं चाललाय?"

"आमचा दम तुमच्या मास्तरच्या मागनं मोडला," इनूस मास्तरचा ढोलवाला म्हनला.

"गुरव, तुमी काय वरडला?"

"दर वर्साचंच की. ज्या बँडचा दम मोडंल त्यो मागं."

"बँडचा म्हनला का मास्तरचा?"

गुरवानं डोस्कं खाजवलं. "बापजाद्यापास्नं बँडचाच म्हनतो."

"मग मोडला न्हाई," हवालदार म्हनला आन माज्याकडं बोट केलं. "त्यो बघा. त्यो बी बँडच हाय."

गलका उठला. तिकडली मान्सं भांडाय आली. इनूस मास्तरनंच हात वर केला. त्यो बिचारा अजून दम खात व्हता, पन हसत व्हता. "ऱ्हाऊ द्या. शब्दात आपन घावलो. तुमच्या भोंग्याला खाली बसवा कुनीतरी, न्हाईतर मरंल त्यो."

तवा मास्तर उठला, माज्यापाशी आला आन खांद्याला हात लावला. मी डोळं उगडलं. समदी यात्रा माज्याकडं बघत व्हती. मला वाटलं, माजं धोतार सुटलंय.

पालखी उचलली. आता म्होरं आमीच. पन मास्तर जागचा हलंना. त्यानं ट्रंपेट पुसला, फडक्यात गुंडाळला, आन आनसाक्काच्या हातात दिला. "माजा दम मोडला गं. खुंटीला लाव."

बँड उभा, पालखी खांद्यावर, आन म्होरक्या निघाल्याला. आनसाक्कानं ट्रंपेट बगलंत धरला आन म्हनली, "खुंटीला लावते. पन तुमी ट्रंपेट म्हनला व्हता. बँड खुंटीला म्हनला न्हवता. इचारा देवीला."

मास्तरनं तिच्याकडं बघितलं. मग हवालदाराकडं बघितलं, जसा काय ह्यो शब्दात धरायचा आजार त्येच्यापास्नंच गावात पसरला. आन झांजवाल्याच्या हातातल्या झांजा काढून घेतल्या. झांजंला दम लागत न्हाई. ट्रंपेटवर मागनं वाजवनारा मास्तरचा पुतन्या आला, आन मास्तरनं म्होरं हून दोन्ही हात फाकवून अशी झांज हानली, की खांद्यावरली पालखी सुदीक ठेक्यात हालली.

त्येला आता लई वर्सं झाली. ती काळी नळी ठान्यात कुठं तरी पडून असंल. तसल्या नळ्या बंद झाल्या का म्हनाल, तर झाल्या, आन येत्यात बी. जगदाळे रिटायर हुस्तवर धरत व्हता, आन हिकडं बिडी उगड्यावर इकली जात व्हती. त्येची पोरगी शिकली, तालुक्याला हाय. कोन बरोबर आन कोन चूक, ते मला इचारू नका, मी बासवाला हाय.

मास्तर मातूर झांज वाजवत ऱ्हायला, हात चालत व्हतं तवर. बिडी? एखादी लपून वढली असंल, मी नाक हुंगत बसलो न्हाई. निळा पंप मातूर सकाळ-संध्याकाळ. आन तालमीला आमच्यावर असा उठायचा, की आदीचा ट्रंपेटवाला मास्तर बरा व्हता म्हनायची पाळी यायची. ह्येचा सूर चुकला, त्येचा ठेका घसरला, गुंडू, डोळं उगड.

एकदा मुळीक डॉक्टरीनबाईनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, आन इचारलं, "काय मास्तर, दम लागतो का अजून?"

"लागत न्हाई बाई," मास्तर म्हनला, आन माज्याकडं डोळं वटारलं. "आता नुसता देतो."